एका गिऱ्हाइकाला दोनच

पडद्यांची मापं घ्यायला जाते असं अण्णांना सांगून थोरली घराबाहेर पडली आणि दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या स्वस्त सुपरमार्केटपाशी उतरली. त्याच सुपरमार्केटची एक शाखा घराजवळही होती. पण अण्णांचं किराणा दुकान त्याच रस्त्यावर, आणि त्या दुकानाची सून सुपरमार्केटची पिवळी पिशवी हातात घेऊन चालताना दिसली असती तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं असतं.

पिवळी पिशवी ती घेतच नसे. शिवणकामाची मोठी कापडी पिशवी बरोबर नेई. सामान तळाशी, वरून पडद्याचं कापड. घरी आलं की साखर बरणीत, तांदूळ डब्यात, तेल जुन्या कॅनमध्ये, आणि रिकामी पाकिटं घडी घालून पुढच्या फेरीला बसस्टॉपवरच्या कचरापेटीत. बाया चोरून कुणाकुणाला भेटायला जातात आणि आपण चोरून साबण आणायला जातो, असं मनात येऊन तिला कधीकधी हसू फुटे. मग त्या हसण्याचीच लाज वाटे.

सासूबाई होत्या तोवर घरातलं सगळं दुकानातूनच यायचं. हवं ते फळीवरून काढायचं, कुणाला विचारायचं नाही. एक दिवस ती साखरेचं पाकीट काढायला गेली, तर गल्ल्यावर बसलेला तिचा नवरा म्हणाला, "ते राहू दे. दोनच उरलीत. गिऱ्हाईक आलं तर काय देऊ?" आवाजात राग नव्हता. राग असता तर ती भांडली असती. त्या दिवसानंतर तिनं फळीला हात लावला नाही, आणि घरात साखर येते कुठून, हे त्यानंही कधी विचारलं नाही.

मापांचं निमित्त सांगून निघाली त्या दिवशी सुपरमार्केटमध्ये तेलावर मोठी सवलत होती. दुकान कसलं, गोदामच ते. खोकी फाडून तशीच रचलेली, वरून ट्यूबलाइटचा पांढराफटक उजेड, आणि गल्ल्यापासून पार मागच्या भिंतीपर्यंत रांग. थोरली रांगेच्या मध्यावर आली तेव्हा पुढे काहीतरी खटकलं म्हणून माणसं माना वळवून बघायला लागली.

"काका, बोर्ड वाचता येत नाही का?" गल्ल्यावरची मुलगी मोठ्यानं म्हणत होती. "एका गिऱ्हाइकाला दोनच. तुम्ही बारा उचलल्यात."

"घरी कार्य आहे हो. माणसं येणार आहेत."

थोरलीनं आवाज ओळखला. डोळ्यांवर ओढलेली टोपी तिच्या ओळखीची नव्हती, अंगातलं जाकीटही कुठून आणलं होतं कोण जाणे. पण आवाज तिच्या नवऱ्याचा, थोरल्याचा होता. सकाळी तो ठोक बाजारात जातो म्हणून निघाला होता.

"गेल्या आठवड्यातही तुमच्याकडे कार्यच होतं," मुलगी म्हणाली. रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. "दर आठवड्याला कार्य! मोठं खटलं दिसतंय काकांचं."

मागच्या दारातून एक तरुण व्यवस्थापक आला. तो ओरडला नाही, उलट अदबीनंच बोलला, आणि ते जास्त वाईट होतं. "काका, खरं सांगा. तुमचं दुकान आहे का? दुकानदारांना आम्ही माल देत नाही. वरून तशा सूचना आहेत."

"दुकान?" थोरला हसल्यासारखं करत म्हणाला. "छे हो. दुकान कुठलं आलंय. मी नोकरदार माणूस."

थोरलीच्या हातातली पिशवी घसरली. हा तिचा नवरा. रस्त्यात कुणी रिक्षावाल्यानं पत्ता विचारला तरी "आमच्या दुकानापासून डावीकडे" असं सांगणारा. ठोकवाला ज्या भावानं तेल देई त्याहून कमी भावानं ते इथे फळीवर मिळत होतं, हे तिलाही ठाऊक होतं. पण त्याचा असा अर्थ होतो हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. दुकानाच्या फळीवरचा माल कुठून येत असावा, हे तिनं स्वतःला विचारलंच नव्हतं, जसं त्यानं साखरेबद्दल तिला विचारलं नव्हतं.

थोरल्यानं दहा बाटल्या परत गाडीत ठेवल्या. पण तो गेला नाही. गाडी रांगेच्या कडेनं ढकलत एकेकासमोर थांबू लागला. मान खाली, आवाज त्याहून खाली. "ताई, तुमच्या नावावर दोन घ्याल का? पैसे मी आत्ता देतो." एक बाई तोंड फिरवून उभी राहिली. एका म्हाताऱ्यानं घेतल्या. एक पोरगेलासा माणूस म्हणाला, "मला काय मिळेल?" आणि थोरला त्यावरही हसला.

तो तिच्यापासून तीन माणसं दूर आला. दोन माणसं दूर आला. दोन बाटल्या तिच्या नावावर सहज निघाल्या असत्या. द्या इकडे, एवढंच म्हणायचं होतं. पण तिचे पाय मागे वळले. भरलेली टोपली तिनं कागदी रुमालांच्या ढिगाऱ्यामागे टेकवली आणि ती दाराबाहेर पडली. बसमध्ये बसेपर्यंत तिनं वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी तो घरी आला, नेहमीचाच सदरा अंगात. "आज ठोक बाजारात काय गर्दी म्हणून सांगू," तो म्हणाला.

"हो ना," ती म्हणाली. "दमला असाल."

* * *

रविवारी सगळे जमले. वरच्या मजल्याच्या वाटणीवरून झालेल्या भांडणानंतर एका टेबलाभोवती सगळी भावंडं बसण्याची ही पहिलीच वेळ. धाकट्या दिरानं बोलावणं धाडलं होतं आणि कारण कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणजे ते सगळ्यांना कळलेलंच होतं. अण्णा मधोमध बसले. त्यांच्या उजव्या हाताला आक्का, ही दोघा भावांच्या वरची बहीण, इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरीला आणि माहेरी आली की अण्णांची वकील. डावीकडे थोरला. समोर धाकटा, विमा कंपनीतला, आणि त्याची बायको.

जेवणं आटोपत आल्यावर धाकट्यानं घसा खाकरला.

"अण्णा, एक औषधवाला विचारतोय. दुकानाची जागा भाड्यानं हवी त्याला. चांगला माणूस आहे. भाडं दर महिन्याला घरात येईल, कटकट नाही."

"आणि दुकान?" आक्कानं विचारलं.

"दुकान... बंद."

"सरळ बोललास, बरं झालं," अण्णा म्हणाले. त्यांचा हात ताटावरून उठला नाही. "दादाला विचारलंस? दुकान तो चालवतो."

सगळ्यांनी थोरल्याकडे पाहिलं. "चाललंय की दुकान," तो म्हणाला. "फळ्या भरलेल्या आहेत. बघा जाऊन."

"फळ्या भरलेल्या आहेत, दादा, पण गिऱ्हाईक कुठंय?"

"येतात. जुनी माणसं येतात."

"झालं तर मग," आक्का म्हणाली. "तुला विम्याचे हप्ते दिसतात रे, दुकानाची अब्रू दिसत नाही. याच दुकानावर तुझी कॉलेजची फी भरलीय."

"मी नाही म्हणतोय का? तुला काय, तू महिन्यातून एकदा येणार आणि अब्रूच्या गोष्टी करून जाणार."

अण्णांनी हात वर केला तशी दोघं गप्प झाली. "मी एकच सांगतो," अण्णा म्हणाले. "या दुकानात मी कधी हलका माल ठेवला नाही, कुणाचा उतरलेला माल आणला नाही. लोक पोरांना डोळे मिटून पाठवायचे. ते चाललंय तोवर दुकान राहील. सूनबाई, चहा टाक सगळ्यांना. साखर मीच घेऊन येतो फळीवरून, तेवढेच पाय मोकळे होतील."

थोरली काही बोलायच्या आत अण्णा उठले. स्वयंपाकघराच्या शेजारच्या बोळातून एक दार सरळ दुकानात उघडायचं. ते दार वाजलं, दिवा लागल्याचा खटका ऐकू आला, आणि मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. थोरला ताटातला भात बोटानं इकडचा तिकडे करत होता.

अण्णा परत आले ते साखर घेऊन नव्हे. त्यांच्या हातात तेलाची बाटली होती. तिच्या पाठीवर पिवळ्या चिठ्ठीचा अर्धा तुकडा चिकटून राहिला होता. कुणीतरी नखानं खरवडून काढायचा प्रयत्न केला होता आणि अर्ध्यातच सोडून दिला होता.

"हे काय आहे?" अण्णांनी बाटली टेबलाच्या मधोमध ठेवली. "हा त्या लोकांचा शिक्का आहे ना? आपल्या फळीवर कसा आला?"

 धाकट्यानं बाटली उचलून पाहिली आणि हळूच खाली ठेवली. थोरलीनं नवऱ्याकडे पाहिलं.  आता बोलेल, आता बोलेल, असं तिला वाटलं. मग तो बोलणार नाही हे तिला कळलं, आणि तिचंच तोंड उघडलं.

"मी आणली अण्णा. घरासाठी. मी तिकडून सामान आणते कधीमधी. चुकून दुकानात राहिली असेल."

आक्कानं चमचा खाली ठेवला. "वहिनी! तुम्ही तिथे जाता?"

"हो."

"दुकानदाराची सून," अण्णा सावकाश म्हणाले, "दुसऱ्याच्या दारात रांगेत उभी राहते. किती दिवस चाललंय हे?"

"बरेच दिवस झाले."

"आणि मी ज्या बरणीतली साखर चहात घालतो..."

"तीही तिथलीच आहे."

अण्णांनी तोंड पुसलं. ते ओरडले असते तर थोरलीला बरं वाटलं असतं. पण त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू या घरात इतकी वर्षं वावरलेली बाई कुणी परकीच होती.

"आई असती तर तिला काय वाटलं असतं," आक्का म्हणाली. "आईनं कधी काडेपेटीसुद्धा बाहेरून आणली नाही."

"आईंच्या वेळी बाहेर होतं तरी काय आणायला?" हे धाकटी बोलली. ती सहसा अण्णांपुढे तोंड उघडत नसे. आता तिचे गाल लाल झाले होते. "आक्का, तुम्ही सगळा राग जाऊबाईंवर काढू नका. मीपण तिथूनच आणते. सगळं. अण्णा, तुम्ही महिन्याला पिशवी भरून देता, तेवढं सोडलं तर आमच्या घरातलं पीठ, साबण, चहा, सगळं तिथलंच आहे."

"तू मला नाही सांगितलंस," धाकटा म्हणाला.

"तू विचारलंस कधी? पैसे उरतात ते तुला आवडतं. कसे उरतात, ते विचारत नाहीस."

"आक्का, तू?" धाकट्यानं बहिणीकडे वळून विचारलं. आक्कानं पदर नीट केला आणि खिडकीबाहेर पाहिलं. कुणी पुन्हा विचारलं नाही.

"बघितलंत अण्णा?" धाकटा म्हणाला, पण त्याच्या आवाजातला मघाचा जोर गेला होता. "घरातलीच माणसं तिकडे जातात. मग बाहेरच्यांना काय नावं ठेवायची?"

अण्णा थोरल्याकडे वळले. "तुला माहीत होतं? सूनबाई तिकडे जाते ते?"

"नाही," थोरला म्हणाला.

एवढंच. ताटाकडे बघत. थोरली उठली, चार भांडी उचलली आणि स्वयंपाकघरात गेली. नळ सोडला. सुपरमार्केटात तो दुकान नाकारत होता तेव्हा तिला त्याची दया आली होती. आता आली नाही. आता तिला वाटलं, याला असंच एकटं राहू दे. आणि लगेच कागदी रुमालांचा तो ढिगारा डोळ्यांपुढे आला, आणि कुणाला एकटं टाकण्याबद्दल बोलायचा आपल्याला हक्क उरला नाही हे तिला कळलं.

तो मागे येऊन उभा राहिला. "तू कशाला अंगावर घेतलंस?" तो कुजबुजला. "ती बाटली..."

"तुम्ही आणलीत. माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

तिनं नळ बंद केला. "मी रांगेत होते त्या दिवशी. तुमच्यापासून दोन माणसं मागे."

तो स्टुलावर बसला.  "टोपी..." तो म्हणाला.

"आवाज ऐकला मी तुमचा."

"म्हणजे सगळं ऐकलंस? नोकरदार वगैरे?"

"सगळं. आणि तुम्ही माझ्यापर्यंत यायच्या आत मी पळाले. मला दोन बाटल्या घेता आल्या असत्या. तुम्ही अनोळखी लोकांपुढे हात पसरत होतात आणि मी पळाले."

तो आपल्या तळव्यांकडे बघत राहिला. "बरं केलंस," तो म्हणाला. "तू समोर आली असतीस तर मी तुलाही ओळख दिली नसती. मी ताई म्हणालो असतो तुला."

दोघंही रडली नाहीत. बाहेर आक्का आणि धाकटा परत काहीतरी बोलत होते. थोरला उठला, सदऱ्याला हात पुसले आणि बाहेर गेला. ती दारात येऊन उभी राहिली.

"अण्णा," तो म्हणाला. "ती बाटली मी आणलीय. तिनं नाही. आणि एकच नाही. फळीवरचा अर्ध्याहून जास्त माल तिथलाच आहे. तेल, साखर, बिस्किटं, साबण. चिठ्ठ्या मी सकाळी दुकान उघडायच्या आधी खरवडतो."

 धाकटा भावाकडे बघत राहिला. आपण जिंकलो हे त्याला कळत होतं आणि त्यानं नजर खाली घातली.

"का?" अण्णांनी विचारलं.

"फळ्या रिकाम्या दिसल्या असत्या. तुम्ही रोज संध्याकाळी येऊन बसता. तुम्हाला रिकाम्या फळ्या दाखवायला जमलं नाही मला."

"आणि ते देतात तुला? दुकानदाराला?"

"नाही देत. विचारतात, दुकान आहे का म्हणून."

"मग तू काय सांगतोस?"

 "नाही म्हणतो, अण्णा."

अण्णांनी चष्मा काढला. तो टेबलावर ठेवला, परत उचलला, काच पुसायला लागले. तेवढ्यात दुकानाच्या पुढच्या दाराची घंटी वाजली. रविवारी दुपारी दुकान अर्धं उघडं ठेवायची जुनी सवय होती.

"मी जातो," थोरला म्हणाला.

"बस," म्हणत अण्णा स्वतः उठले. मघाची बाटली त्यांनी बरोबर घेतली. थोरला त्यांच्या मागे गेला, आणि बोळापर्यंत थोरलीही.

पुढे शाळेतून निवृत्त झालेल्या बाई उभ्या होत्या. पलीकडच्या इमारतीत एकट्या राहायच्या. दोघा भावांना त्यांनी शाळेत शिकवलं होतं. "अण्णा, आज तुम्ही स्वतः?" त्या हसल्या. "एक तेलाची बाटली द्या."

अण्णांनी हातातली बाटली गल्ल्यावर ठेवली, पाठमोरी, चिठ्ठी दिसेल अशी. "बाई, तुमच्याशी खोटं नको. ही त्या स्वस्त बाजारातून आणलेली आहे. वर आम्ही आमचे पैसे लावतो. तिथे जा, कमीत मिळेल."

बाई गोंधळल्या. त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, मागे उभ्या असलेल्या थोरल्याकडे पाहिलं.

"माहीत आहे मला, अण्णा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "या चिठ्ठ्या मी कधीच्या बघतेय. माझंही सगळं सामान तिथूनच येतं. पेन्शनीत भागत नाही."

"मग इथे?"

"इथून आपलं एखादं काहीतरी नेते. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. गल्लीतले सगळे तसंच करतो आम्ही." मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्यांनी घाईघाईनं पर्स उघडली. "द्या ना ती बाटली. मला खरंच हवीय."

अण्णांनी पैसे घेतले नाहीत. बाटली कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिली, इतकी नीट, जणू दुकानाचा पहिलाच दिवस होता. "असू द्या," ते म्हणाले. "बाईंनी पोरांना शिकवलंय माझ्या." बाई दाराशी दोनदा अडखळल्या आणि गेल्या.

अण्णा स्टुलावर बसले. फळ्यांवरून त्यांची नजर फिरत राहिली, वरपासून खालपर्यंत, एकेका ओळीनं. थोरला पुढे सरकला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे न बघता म्हटलं, "मला वाटायचं, लोक माझ्या मालासाठी येतात." मग थोडं थांबून, "धाकट्याला सांग, त्या औषधवाल्याला बोलावून घे."

"अण्णा, मी आणखी..."

"नको रे. पुरे झालं. तूही पुष्कळ खरवडलंस."

थोरल्यानं पुढे जाऊन शटरचा आकडा ओढला. एका हातानं ते खाली येईना. थोरली बोळातून पुढे आली, तिनं दुसरी कड धरली, आणि दोघांनी मिळून ते खाली घेतलं. रस्ता दिसेनासा झाला. अंधारात तेल, साबण आणि पोत्यांचा तो जुना वास दाटून आला. उद्यापासून पडद्याच्या कापडाखाली काही लपवायला नको, कुठली बरणी भरताना दार लावून घ्यायला नको, एवढं एकच तिच्या मनात आलं आणि तिला एकदम मोकळं वाटलं. शेजारी म्हातारा सासरा अंधारात बसला होता, नवरा शटरवर कपाळ टेकून उभा होता, आणि आपल्याला मोकळं वाटतंय, याची तिला इतकी लाज वाटली की दिवा लावायला हात पुढे होईना.